टँडम पॅराग्लायडिंग : प्रवाशाची जमिनीवरची तयारी

टोकियोच्या २३ विशेष प्रभागांपैकी एदोगावा हा पूर्वेकडचा प्रभाग. आराकावा आणि एदोगावा या दोन नद्यांच्या मधल्या या सखल भूभागाचा सुमारे ७० टक्के हिस्सा भरतीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे. निशी-कासाई आणि आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घराजवळ उंचीचा अनुभव घ्यायचा, तर कासाई रिंकाई उद्यानातला ११७ मीटर उंचीचा आकाशपाळणा हा एक पर्याय. त्यामुळे सलग सुट्ट्या आल्या, किंवा भारतातून आई-वडील, भाऊ-बहीण भेटीला आले, की टोकियोबाहेरच्या डोंगरांवर जाऊन टँडम पॅराग्लायडिंग करण्याचा बेत अनेक घरांत आखला जातो. अशा उड्डाणात हवेतले सर्व काम वैमानिक करतो, आणि म्हणून प्रवाशाला काही शिकण्याची गरज नाही, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रवाशाच्या वाट्याचे काम थोडे असते. पण ते जवळजवळ सगळे पाय जमिनीवर असतानाच पार पाडायचे असते, आणि तिथे राहिलेली उणीव हवेत भरून काढता येत नाही.

टँडम उड्डाणाचे स्वरूप

पॅराग्लायडिंगचा आरंभ १९७८ साली फ्रान्समधील मियुसी या गावी झाला, असे सामान्यतः मानले जाते. तेथील काही पॅराशूटपटूंनी विमानातून उडी मारण्याऐवजी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले. आजचा पॅराग्लायडर म्हणजे कापडी कप्प्यांचा बनलेला पंख होय. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. त्यात सांगाडा नाही, इंजिन नाही. हवेचा प्रवाह आहे तोवरच तो पंख आहे. प्रवाह नसेल, तर ते केवळ कापड.

टँडम प्रकारात एकाच पंखाखाली दोन जण असतात. प्रवासी पुढे, वैमानिक मागे. दोघांचे हार्नेस स्वतंत्र असतात आणि दोन्ही बाजूंच्या जोडपट्ट्यांना कॅराबिनरने, म्हणजे कुलूपबंद होणाऱ्या धातूच्या कड्यांनी, अडकवलेले असतात. पंखाचे क्षेत्रफळ साधारणतः ४० चौरस मीटरच्या आसपास असते. शांत हवेत हा पंख सेकंदाला सुमारे सव्वा मीटर या गतीने खाली येतो. म्हणजे उड्डाणस्थळ उतरण्याच्या मैदानापेक्षा ५०० मीटर उंच असेल आणि वर चढणारी हवा मिळाली नाही, तर उड्डाण सहा-सात मिनिटांत संपते. ‘फक्त सात मिनिटे?’ ही तक्रार अनेकदा ऐकू येते. पण संथ हवेतले असे छोटे उड्डाणच नवख्या प्रवाशासाठी सर्वांत सुरक्षित असते.

एदोगावाहून जाण्याची ठिकाणे

सपाट भूमी, दाट वस्ती आणि जवळच असलेला हानेदा विमानतळ यांमुळे प्रभागात हा खेळ शक्य नाही. उत्तरेकडे इबाराकी प्रांतात त्सुकुबा पर्वताच्या रांगेलगत इशिओका शहराचा यासातो परिसर आहे. वाहतूक सुरळीत असल्यास मोटारीने साधारण दीड तासाचा रस्ता. पश्चिमेकडे शिझुओका प्रांतात फुजी पर्वताच्या पायथ्याशी आसागिरी पठार आहे. अंतर जास्त, पण फुजीचे दर्शन समोरून. या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षण देणाऱ्या शाळा आहेत आणि त्या टँडम उड्डाणेही घडवतात.

जपानच्या नागरी उड्डाण कायद्यात पॅराग्लायडरची गणना विमानात होत नाही. त्यामुळे वैमानिकाला सरकारी परवाना नसतो. त्याची जागा संघटनांच्या प्रमाणपत्रांनी घेतली आहे. जपान हँग अँड पॅराग्लायडिंग फेडरेशन ही त्यांपैकी प्रमुख संघटना असून तिचे टँडमसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे. एकट्याने उत्तम उडणारा प्रत्येक जण प्रवासी नेण्यास पात्र असतोच असे नाही. आरक्षण करतानाच ‘वैमानिकाकडे टँडमचे प्रमाणपत्र आहे काय?’ असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

दिवाळीत किंवा नाताळच्या सुट्टीत मायदेशी गेल्यावर मावळातील कामशेत येथे, पवना धरणाच्या परिसरात, अथवा पाचगणीला उड्डाण करणारेही बरेच आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून अशा व्यवसायांना नोंदणीची अट घातली. नोंदणी क्रमांक मागणे हा तिथला पहिला प्रश्न असावा.

दोन अपघात, दोन धडे

१८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यातील पेडणे तालुक्यात, केरीच्या पठारावरून निघालेला टँडम पॅराग्लायडर दरीत कोसळला. पुण्याहून आलेली तरुण पर्यटक आणि वैमानिक असे दोघेही मृत्युमुखी पडले. तो व्यवसाय परवान्याविना चालत असल्याचे पोलीस तपासात पुढे आले. कागदपत्रे का पाहावीत, याचे उत्तर या घटनेत आहे.

दुसरी घटना त्याहून अधिक विचार करायला लावणारी. हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात डोभी येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये टँडम उड्डाणातून खाली पडून एका महिला पर्यटकाचा मृत्यू झाला. उड्डाणस्थळ मान्यताप्राप्त होते, साधने मंजूर होती, वैमानिक नोंदणीकृत होता, हवामानाचीही तक्रार नव्हती. प्राथमिक चौकशीत अधिकाऱ्यांनी बोट ठेवले ते मानवी चुकीवर : प्रवाशाचे सुरक्षापट्टे नीट तपासले गेले नव्हते. त्याच डोभीत डिसेंबर २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातील एक तरुण असाच उंचावरून खाली पडून दगावला होता.

परवाना हा पहिला उंबरठा आहे, शेवटचा नव्हे. सगळी कागदपत्रे चोख असतानाही एक बक्कल उघडे राहू शकते. आणि ते बक्कल ज्याच्या अंगावर असते, तो प्रवासी स्वतःच असतो.

आदल्या आठवड्यातील तयारी

वजन खरे सांगावे. पंखाला दोघांच्या एकत्रित वजनाची खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा असतात, आणि वैमानिक त्यानुसार पंख निवडतो. संकोचापोटी कमी सांगितलेले दहा किलो धावेच्या वेळी आणि उतरताना जाणवतात.

प्रकृतीबाबतही तेच. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया, पूर्वी निखळलेला खांदा आणि गर्भावस्था यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व शाळेलाही कळवावे. गर्भवतींनी हे उड्डाण टाळावे. भारतातून आलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत खरा प्रश्न वयाचा नसून, उतारावर दहा-पंधरा पावले जोराने धावता येतील काय, हा असतो. घराजवळ नदीकाठच्या बांधाच्या गवताळ उतारावर एकदा धावून पाहिले, तर उत्तर मिळते.

विम्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. जपानी अपघात विम्याच्या सर्वसाधारण अटींत स्कायडायव्हिंग, हँगग्लायडिंग व तत्सम धोकादायक खेळ वगळलेले असतात. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यातही साहसी खेळ बहुधा वगळलेलेच असतात. अल्प मुदतीच्या व्हिसावर आलेले पाहुणे जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात येत नाहीत, म्हणजे साधे हाड मोडले तरी संपूर्ण खर्च यजमान कुटुंबावर पडतो. शाळा आकारते त्या शुल्कात विमा अंतर्भूत आहे काय, आणि तो नेमका कशासाठी आहे, हे लेखी विचारून घ्यावे. स्वाक्षरीसाठी येणारे संमतिपत्र, ज्याला जपानीत ‘दोईशो’ म्हणतात, आधीच मागवून सावकाश वाचावे. ते रांगेत उभे राहून वाचायचे कागद नव्हेत.

कपड्यांचा नियम सोपा : धावता आले पाहिजे आणि काहीही लोंबता कामा नये. घोट्याला आधार देणारे, नाडीचे बूट; पूर्ण लांबीची विजार; वारा अडवणारे जाकीट; हातमोजे. हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि त्यावर ताशी ३५-४० किलोमीटरचा वारा सतत तोंडावर येतो. ऑक्टोबरातही बोटे बधिर होतात. साडी, ओढणी, लांब मंगळसूत्र, लोंबती कर्णभूषणे आणि मोकळे केस हे सारे दोऱ्यांत किंवा बकलांत अडकू शकते. चष्म्याला दोरी, खिशांना चेन आणि मोबाइलला बंध असावा. रिकाम्या पोटी जाऊ नये. दीड-दोन तास आधी हलके खावे. मळमळीवरच्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्या घेतल्यास वैमानिकाला सांगावे. मद्य आदल्या रात्रीपासूनच वर्ज्य.

समान शब्द

एदोगावातील मराठी प्रवाशापुढे असलेली खास अडचण भाषेची आहे. कार्यालयात इंग्रजी आणि दुकानात मोडकी जपानी चालून जाते. उड्डाणाच्या क्षणी मात्र मागे उभ्या असलेल्या, चेहरा न दिसणाऱ्या माणसाचा एकच शब्द वाऱ्यातून ऐकू येतो, आणि त्यावर लगेच कृती करायची असते. अनुवादाचे ॲप तिथे निरुपयोगी आहे.

‘हाशित्ते’ म्हणजे धावा. ‘मोत्तो हाशित्ते’ म्हणजे अजून धावा. ‘तोमारानाइदे’ म्हणजे थांबू नका. ‘मात्ते’ म्हणजे थांबा, वाट पाहा. तर ‘तात्ते’ म्हणजे उभे राहा. ‘सुवात्ते’ म्हणजे बसा. ‘सुवारानाइदे’ म्हणजे बसू नका. आणि केवळ एका स्वराच्या फरकाने ‘सावारानाइदे’ म्हणजे हात लावू नका. ‘आशि ओ आगेते’ म्हणजे पाय वर घ्या. या जोड्या किती जवळच्या आहेत, हे वाचतानाच ध्यानात यावे. म्हणून वैमानिकासमोर उभे राहून त्याच्याच तोंडून प्रत्येक शब्द ऐकावा, त्याप्रमाणे कृती करून दाखवावी, आणि शक्य असल्यास चार-पाच शब्दच नक्की करून घ्यावेत. तो इंग्रजी शब्द वापरणार असेल, तरीही हा सराव टाळू नये.

प्रवाशानेही तीन शब्द जवळ बाळगावेत : ‘युरुइ’, म्हणजे सैल आहे, ‘किबुन गा वारुइ’, म्हणजे बरे वाटत नाही, आणि ‘यामेमासु’, म्हणजे मी हे करणार नाही. जपानात वर्षानुवर्षे राहिलेल्यांना ‘दाइजोबु’ची सवय जडलेली असते. त्या एका शब्दाचा अर्थ ‘ठीक आहे’ असाही होतो आणि ‘नको, राहू द्या’ असाही. ‘हाय’ हा शब्दही पुष्कळदा ‘होय’ नव्हे, तर केवळ ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगतो. पट्ट्यांविषयी विचारले असता यांपैकी कोणतेच उत्तर पुरेसे नाही. बक्कल हाताने दाखवावे, ओढून दाखवावे आणि मग बोलावे.

पट्ट्यांची तपासणी

हार्नेस पाठपिशवीसारखा खांद्यांवर चढतो, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. खांदे आणि छाती बांधली गेली, की सगळे आवळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात माणसाचे वजन पेलून धरणारे मुख्य पट्टे मांड्यांभोवतीचे असतात. ते उघडे राहिले, तर जमिनीवर उभे असताना काहीच जाणवत नाही. पाय सुटताच मात्र शरीर हार्नेसमधून खाली घसरते आणि प्रवासी काखांवर लोंबकळू लागतो. बऱ्याच आधुनिक हार्नेसमध्ये मांडीचे पट्टे अडकवल्याशिवाय छातीचे बक्कल लागतच नाही, अशी रचना असते. आपला हार्नेस तशा प्रकारचा आहे काय, हे विचारावे.

क्रम असा : मांड्यांचे पट्टे सर्वांत आधी बांधायचे आणि सर्वांत शेवटी सोडायचे. प्रत्येक बक्कल लागल्याचा ‘खट्’ आवाज ऐकायचा, मग ते ओढून पाहायचे. मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट तळवा जेमतेम सरकावा, इतपत ते घट्ट हवेत. त्यानंतर छातीचा पट्टा, शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा, आणि सर्वांत शेवटी दोन्ही बाजूंचे कॅराबिनर : बंद आणि कुलूपबंद. वैमानिकाने हे सर्व स्वतः हात लावून तपासले पाहिजे, नजरेने नव्हे. राखीव पॅराशूट कुठे आहे, तेही त्याने दाखवावे.

धोक्याची वेळ ठराविक असते. वारा फिरतो, वैमानिक ‘मात्ते’ म्हणतो, वीस मिनिटे थांबावे लागते. प्रवासी जाकीट घालण्यासाठी, पाणी पिण्यासाठी किंवा स्वच्छतागृहात जाण्यासाठी पट्टे सोडतो. मग अचानक वारा अनुकूल होतो आणि घाई उडते. नियम एकच : एक बक्कल जरी उघडले गेले, तरी तपासणी पुन्हा पहिल्यापासून. ‘मघाशी पाहिले होते’ हे वाक्य या खेळात धरायचे नसते.

धाव

पंखाला उचलण्यासाठी समोरून येणारी हवा लागते. ढोबळमानाने ताशी ३० किलोमीटरचा हवेचा वेग आवश्यक मानला आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा वाहत असला, तर उरलेले १५ पायांनी भरून काढायचे असतात. म्हणूनच वारा पाठीमागून असताना कोणताही जबाबदार वैमानिक निघत नाही, आणि वारा ताशी २५ किलोमीटरच्या पलीकडे गेला किंवा झोतांनी येऊ लागला, तर नवख्या प्रवाशाला घेऊन बहुधा उडत नाही.

पहिल्या दोन-तीन पावलांत पंख डोक्यावर येत असतो आणि तो मागे खेचतो. प्रवाशाला वाटते, काहीतरी बिघडले, तो थांबतो. नंतर पंख उचलू लागतो, पाय हलके होतात आणि प्रवासी खुर्चीवर बसावे तसा बसू पाहतो. बहुतेक फसलेल्या उड्डाणांचे मूळ या दोन क्षणांत असते. प्रवासी वेळेआधी बसला, की त्याचे वजन वैमानिकावर येते, धाव तुटते आणि दोघेही उतारावर पडतात. म्हणून अंग किंचित पुढे झुकवून, नजर समोरच्या क्षितिजाकडे ठेवून, वैमानिक सांगेपर्यंत पाय चालवत राहावे. पायांखाली जमीन उरली नाही, तरीही. उडी मारू नये. हातांनी दोऱ्या, पंखाकडे जाणारे पट्टे किंवा वैमानिकाचे हात धरू नयेत. हात कुठे ठेवायचे, ते आधीच ठरवून घ्यावे.

हवेत आणि उतरताना

हवेतले धक्के हे ऊन खाल्लेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचे असतात; दुपारी ते तीव्र, सकाळी व सायंकाळी सौम्य. क्षणभर पंखाची एक बाजू दुमडली, तरी ती बहुधा आपोआप किंवा वैमानिकाच्या हाताळणीने उघडते. प्रवाशाने हात आवरून स्थिर बसावे, एवढेच. मळमळ वाटताच सांगावे. संकोचाने गप्प राहिल्यास वैमानिक वळणे घेत राहतो. गिरक्यांची हौस पहिल्या उड्डाणात पुरवून घेऊ नये. चित्रीकरण वैमानिकाच्या परवानगीनेच आणि बंधासह करावे.

उतरण्याच्या पद्धती दोन : उभे राहून काही पावले धावणे, किंवा पाय वर घेऊन हार्नेसच्या गादीवर घसरत थांबणे. कोणती निवडायची, हे वारा व मैदान पाहून वैमानिक ठरवतो. प्रवाशाने दोन्ही आधीच समजून घ्याव्यात. ऐनवेळी पाय अर्धवट खाली सोडणे हे घोटा मुरगळण्याचे हमखास कारण. जमिनीला टेकल्यावरही पंख पूर्ण खाली बसेपर्यंत पट्टे सोडू नयेत, कारण वाऱ्याने तो पुन्हा फुगून दोघांना फरफटत नेऊ शकतो.

परत फिरण्याची तयारी

फुजीच्या माथ्यावर टोपीसारखा बसलेला ढग म्हणजे ‘कासागुमो’. हवेत ओलावा वाढल्याची आणि वर जोराचा वारा असल्याची खूण म्हणून पायथ्याची माणसे त्याकडे पाहतात. खालून आकाश निळेशार दिसत असतानाही आसागिरीत उड्डाणे थांबतात, ती अशा कारणांनी. जून-जुलैचा पावसाळा आणि त्यानंतरची वादळे यांत तर बेत रद्द होणे हाच नियम.

इथे खरा दबाव हवामानाचा नसून मनाचा असतो. भाड्याची मोटार, पहाटेचा प्रवास, महिन्यातला एकच मोकळा शनिवार, आणि तीन आठवड्यांसाठी आलेले आई-वडील. इतके जुळवून आणल्यावर ‘आज नको’ हे शब्द उच्चारणे कठीण जाते, आणि ऐकणेही. म्हणून बेत आखतानाच दुसरा बेत तयार ठेवावा. इशिओकाला गेल्यास त्सुकुबाचा डोंगर, आसागिरीला गेल्यास फुजीच्या परिसरातली भटकंती. रद्द झाल्यास पैशांचे काय, हेही आरक्षणाच्या वेळीच विचारावे. उड्डाण रद्द करणाऱ्या वैमानिकाकडे पुन्हा जावे; आग्रहाला बळी पडणाऱ्याकडे जाऊ नये.

उड्डाणस्थळी पोहोचल्यावर पुढील पाच प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच हार्नेस अंगावर चढवावा :

१. वैमानिकाकडे टँडमचे प्रमाणपत्र किंवा नोंदणी आहे काय?
२. वारा कोणत्या दिशेने व किती आहे, आणि किती झाल्यास उड्डाण रद्द होईल?
३. राखीव पॅराशूट आहे काय, व ते कुठे आहे?
४. माझ्या मांड्यांचे पट्टे कोण तपासणार, आणि शेवटची तपासणी केव्हा होणार?
५. धावताना व उतरताना कोणते शब्द वापरले जातील?

हे प्रश्न विचारल्याने चांगला वैमानिक दुखावत नाही. आपल्या पुढे बसणारा प्रवासी ऐकणारा आणि भान असलेला आहे, हे त्याला कळते. एखाद्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर आले, तर ‘यामेमासु’ हा शब्द उपयोगी आणावा. तो जमिनीवर उभे असतानाच उच्चारता येतो.